आक्कांची दुपारची झोप

आमच्या आक्का जागेपणी जेवढं बोलायच्या, त्याच्या कितीतरी पट जास्त झोपेत बोलायच्या. जागेपणी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. दादांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काहीही सांगितलं की आक्का डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणायच्या, "तुमी म्हणाल तसं." खाचरात कुठला भात लावायचा, पाहुण्यांच्या हातावर काय ठेवायचं, लेकाला कुठली मुलगी करायची, सगळ्याला हेच उत्तर. पण दुपारची जेवणं झाली, पडवीत वाकळ पडली आणि आक्कांचा डोळा लागला, की त्याच तोंडातून असं काही बाहेर यायचं की दादांच्या हातातला अडकित्ता जागच्या जागी थांबायचा.

मी या घरात आले ती पौडहून. माझं माहेर पौडचं, सासर मालेचं. रस्ता एकच, पण पौडची मुलगी मालेत आली की तिला वाटतं आपण फार आत आलो. पौडच्या ज्युनिअर कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायचे, अजूनही शिकवते. माझ्या आईने लोकांची ब्लाऊजं शिवून मला एम.ए. केलं होतं, त्यामुळे ती नोकरी माझ्या एकटीची नव्हती. लग्न ठरताना मी एकच अट घातली होती की नोकरी सोडणार नाही. दादांनी मान हलवली. ती उभी हलवली की आडवी, याबद्दल मला तेव्हाच शंका आली होती. माझा स्वभावच संशयी आहे. दुकानदार फार गोड बोलला तर मी घरी येऊन पिशवी पालथी करून बघते. मानसशास्त्र शिकून हा स्वभाव सुधारेल असं आईला वाटलं होतं, उलट त्याला नवे शब्द मिळाले.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी तो प्रकार पहिल्यांदा पाहिला. दादा खांबाला टेकून सुपारी कातरत होते. आक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आणि एकदम त्या बोलायला लागल्या, "धूर... आगं बया, कित्ती हा धूर! लाकडं वली हायेत समदी. डोळं गेलं गं माझं... काय दिसंना..." मी घाबरून उठायला लागले, तर आमच्या ह्यांनी माझं मनगट धरलं. "हलवू नको आईला," ते हळूच म्हणाले. आक्का थोडा वेळ 'धूर, धूर' करत राहिल्या आणि मग शांत झाल्या. नंतर उठल्या, चूळ भरली आणि चहाला लागल्या. कुणी त्यांना काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात, इतकी वर्षं 'गॅसवरच्या भाकरीला चव नसती' म्हणणारे दादा स्वतः जीपमधून गॅसची शेगडी घेऊन आले. आक्का शेगडीकडे बघत म्हणाल्या, "ही आनि कशाला? पर तुमी म्हणाल तसं."

त्या घरात एक पद्धत होती. झोपलेला माणूस बोलायला लागला तर त्याला हलवायचं नाही, आणि तो काय बोलला ते उठल्यावर त्याला सांगायचं नाही. सांगितलं तर त्याचा जीव धास्तावतो आणि त्याला पुन्हा सुखाची झोप लागत नाही, असं सगळे मानायचे. ही पद्धत दादांच्या आईपासूनची. त्या म्हणे झोपेत "विहीर ढासळली, विहीर ढासळली" असं ओरडल्या होत्या आणि त्याच पावसाळ्यात विहिरीचा एक काठ खरोखरच ढासळला. तेव्हापासून झोपेतलं बोलणं दादा फार मनावर घ्यायचे. मला विचाराल तर पावसाळ्यात मुळशीतल्या कुठल्याही जुन्या विहिरीबद्दल हे भाकीत डोळे उघडे ठेवूनसुद्धा करता आलं असतं. पण नवी सून असं बोलत नाही.

माझं लक्ष विहिरीकडे नव्हतं, पद्धतीकडे होतं. ही पद्धत कुणाच्या सोयीची आहे, ते जरा बघा. झोपेत बोललेल्या माणसाला कुणी जाब विचारू शकत नाही. त्याच्याशी वाद घालता येत नाही. 'तू असं का म्हणालीस' असं म्हणायची सोयच नाही, कारण तिला ते ठाऊकच नाही ना! जागेपणी दादांसमोर एक शब्द जास्त न बोलणाऱ्या बाईला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळाली असती? गॅसच्या शेगडीवरचा पहिला चहा पितानाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्यांदा प्रकार झाला तो चंद्रीवरून. चंद्री आमची म्हैस. आटत आली होती आणि दादांनी तिचा सौदा ठरवला होता. आक्कांचा तिच्यावर फार जीव होता. सौदा ठरला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी म्हणाल तसं," आणि गोठ्यात जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दुपारी झोपेत सुरू झालं, "गोठा मोकळा दिसतोय... चंद्री कुटं हाय? दावणीला ह्यो कोण बसलाय फणा काढून? आवं, तिकडं जाऊ नका..." दादांनी सुपारी तशीच तबकात टाकली आणि चपला घालून बाहेर पडले. संध्याकाळी व्यापाऱ्याला निरोप गेला. चंद्री पुढे आमच्याच गोठ्यात म्हातारी झाली.

मग मी नीट लक्ष ठेवायला लागले. पहिली शंका वेळेची. मी वर्गात शिकवते की माणूस झोपला की लगेच स्वप्नांत जात नाही, झोप पायरीपायरीने खाली उतरते, आणि भरगच्च स्वप्नं पडायला बराच वेळ जावा लागतो. आक्कांना मात्र दादांची सुपारी कातरून व्हायच्या आत अख्खं स्वप्न पडायचं. दुसरी शंका हजेरीची. दादा कामासाठी तालुक्याला गेले असले की आक्का झोपेत चकार शब्द बोलायच्या नाहीत. खरं तर त्या दिवशी त्या झोपायच्याच नाहीत, तांदूळ निवडत बसायच्या. तिसरी शंका मुठीची. आक्का पदराचं टोक मुठीत धरून झोपायच्या. झोप आली की हाताची पकड सुटते, हे सांगताना मी मुलांना मोबाईल तोंडावर पडण्याचं उदाहरण देते आणि सगळा वर्ग हसतो, कारण प्रत्येकाच्या तोंडावर तो पडलेला असतो. आक्का बोलत असायच्या आणि पदर मुठीत घट्ट असायचा.

तुलनेसाठी खरा झोपणारा माणूस घरातच होता. आमचे हे तेव्हा हिंजवडीला एका कंपनीच्या गाड्यांच्या पाळ्या लावायचं काम करायचे. कधी रात्रपाळी, कधी दिवसपाळी, त्यामुळे घरी आले की आडवे. तेही झोपेत बोलायचे. पण ते बोलणं कसं, तर "मारुंजीची गाडी... नाय, थांब... दोन माणसं... भात." पुढे घोरणं. त्यात ना क्रियापद, ना कर्ता. आक्कांच्या झोपेत मात्र वाक्य सुरू व्हायचं, मधे जरा थांबायचं, दादांपर्यंत पोचलं की नाही याचा अंदाज घ्यायचं आणि व्यवस्थित संपायचं. अर्थात पुस्तक असंही म्हणतं की काही माणसं झोपेत अगदी सरळ, पूर्ण वाक्यं बोलतात. म्हणजे पुस्तकाच्या जोरावर मला आक्कांना पकडता येत नव्हतं.

म्हणून मी एक प्रयोग केला. एका दुपारी दादा मागे गोठ्यात होते, आक्का पडवीत नुकत्याच पडल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आक्का, मांजर दुधाला तोंड लावतंय." पापणी हलली नाही. श्वास तसाच संथ. पण पायाचा अंगठा ताठ उभा राहिला आणि हळूहळू, मोठ्या निग्रहाने, पुन्हा खाली गेला. संध्याकाळी भाजी चिरता चिरता आक्का म्हणाल्या, "दुधावर झाकण ठेवत जा गं."

"ठेवलेलं असतं की. का हो?"

"काय न्हाई. सहज म्हनलं."

आणि त्यांनी विळीवरून मान वर न करता वांग्याची फोड पाण्यात टाकली. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्या वांग्याकडे. आता मला संशय होता आणि मला संशय आहे असा त्यांनाही संशय होता. सासू-सुनेचं नातं खरं तर त्या दिवसापासून सुरू झालं असं मला वाटतं.

सईचा जन्म झाला आणि माझी बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा जे व्हायची मला लग्नापासून भीती होती तेच झालं. जेवताना दादा म्हणाले, "आता पोरगी झालीय. कालेजात नोटीस दिऊन टाक. घरात काय कमी हाय?" आवाज चढला नव्हता. दादांचा आवाज कधीच चढायचा नाही, म्हणून तर बोलणं संपायचं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ते ताटाकडे बघत होते. मी आक्कांकडे पाहिलं. आक्का आमटी वाढत होत्या. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुमी म्हणाल तसं."

त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका दादांचाही आला नाही. म्हशीसाठी नाग उभा करणारी ही बाई सुनेसाठी साधं 'बघू की' म्हणू शकत नाही? मी आतल्या खोलीत जाऊन सईला मांडीवर घेतलं आणि रडले. आईच्या शिलाई मशीनचा आवाज कानात घुमत होता. बाहेर भांडी आवरली गेली, वाकळ झटकल्याचा आवाज आला, अडकित्ता वाजायला लागला. सगळं रोजच्यासारखं. आणि मग आक्कांचा आवाज आला.

"आत्याबाई... या की. दारात का उब्या राहिला?"

मी दाराच्या फटीशी आले. आत्याबाई म्हणजे दादांची आई. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"या, आत या... काय म्हणता? सारिका? सारिका घरात हाय की. आता घरातच असती ती... कालेज सोडलं तिनं... का हो? का माघारी निगालात? आत्याबाई... शिकलेली पोर घरात कोंडलीत म्हणून? न्हाई हो, आमी न्हाई कोंडली... आवं, थांबा... आत्याबाई, पाणी तरी घ्या..."

पडवीत काही हलत नव्हतं. दादांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. ती जरा वाकली होती. आक्कांचा चेहरा भिंतीकडे होता आणि हात पदराखाली होता, त्यामुळे मूठ दिसली नाही. नेमकी त्याच दिवशी दिसली नाही. दादा उठले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, ते नुसतंच उंबऱ्याबाहेर ओतलं आणि शेताकडे निघून गेले. संध्याकाळी मला म्हणाले, "कालेज चालू राहू दे. पोरीला बघायला घरात माणूस हाय." आक्का बाजूलाच कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "तुमी म्हणाल तसं."

नोकरी वाचली. आता खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक वेगळाच भुंगा शिरला. तोवर आक्कांना खोटं पाडायची मला हौस होती. आता मला त्या खोट्याच हव्या होत्या. कारण त्या खरंच झोपेत बोलल्या असतील, तर माझी नोकरी एका स्वप्नामुळे वाचली, आणि स्वप्नाला काय, त्यात उद्या दुसरं काहीही येईल. पण त्या जाग्या असतील, तर या घरात माझ्या बाजूने उभं राहिलेलं एक माणूस होतं. मेलेल्या सासूला दारात आणून उभं करण्याइतकं ते माझ्या बाजूने होतं. मला ते माणूस हवं होतं. त्यासाठी आक्का ढोंगी निघाल्या तरी चाललं असतं.

एकदा तांदूळ निवडताना मी विषय काढला. "आक्का, तुम्हाला स्वप्नं पडतात का हो?"

"पडत असतील. कुणाला आटवत्यात?"

"मागे एकदा दुपारी तुम्ही..."

त्यांनी सुपातला हात झटकन वर केला. "आपल्या घरात झोपेतलं सांगत न्हाईत."

"पण मी काय सांगणार होते ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे?"

"न्हाई ना ठाव. म्हनूनच सांगू नको." आणि एक खडा चिमटीत धरून त्यांनी तो अंगणात भिरकावला. चेहऱ्यावर काही नाही. मी बारावीच्या मुलांच्या चेहऱ्यावरून कॉपी ओळखते, पण या बाईपुढे माझी विद्या चालेना.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. पडवीला लाद्या बसल्या, गावात धरण बघायला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या निघाल्या, हे दिवसपाळीला कायमचे लागले. रोज सकाळी मी स्कूटी काढायचे तेव्हा आक्का सईचा हात धरून फाटकाशी उभ्या असायच्या. 'नीट जा' असंही कधी म्हणायच्या नाहीत. डिकीत एक डबा ठेवायच्या, त्यात माझ्या आवडीची चटणी असायची. संध्याकाळी मला उशीर झाला तर उंबऱ्यावर बसून राहायच्या आणि मी दिसले की लगबगीने उठून आत जायच्या, जणू बसल्याच नव्हत्या. दुपारची झोप चालू होती. मला कळायचं ते सईकडून. "आज आजी झोपेत म्हणाली की शाळेची पोरं सहलीला चाललीत आणि आपलीच पोर मागे राहिली." सहलीची चिठ्ठी सईने आदल्या दिवशी आजीलाच वाचून दाखवली होती, हे मी विचारून घेतलं होतं. तरी मी गप्प राहिले. गप्प राहायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

गेल्या वर्षी आक्कांचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ते कितीतरी महिने सांगितलंच नाही. पुण्याला एका दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. रात्री हे थांबायचे, दिवसा मी. कॉलेजातून रजा घेऊन मी त्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून असायचे. दुपारी त्यांना झोप लागायची आणि मी, एवढ्या दुःखातही माझी खोड जाईना, त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. आक्का अगदी मुकाट्याने झोपायच्या. तोंड किंचित उघडं, डोळ्यांच्या पापण्यांखाली काहीतरी हलायचं, म्हणजे स्वप्न पडत असणार. पण शब्द नाही, पुटपुटणं नाही. आणि मूठ उघडी. पदर नसल्यामुळे त्या चादरीचं टोक धरून झोपायच्या आणि झोप लागली की बोटं एकेक करून सुटायची, लहान मुलाची सुटतात तशी. मी इतकी वर्षं पाहायला धडपडत होते ती ही झोप. औषधांची झोप वेगळी असते, असं मी स्वतःला बजावलं. संशयी माणसाला पुरावा मिळाला तरी पटकन घेता येत नाही.

एका दुपारी दादा आले. डॉक्टर आणखी काही दिवस ठेवून घेऊ म्हणत होते आणि दादा त्याला हो म्हणाले होते. आक्का जाग्या होत्या. दादांनी सांगितलं तशा म्हणाल्या, "तुमी म्हणाल तसं." आवाज पार खोल गेला होता. दादा स्टुलावर बसले, मी पलीकडे उभी राहिले. आक्कांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात ओठ हलले.

"पडवी झाडून घ्या... मी येतीया... चंद्रीला सांगा, येतीया म्हनून..."

चंद्री जाऊनही वर्षं झाली होती. आणि तेवढ्यात पलंगावर टेकलेल्या माझ्या हाताला चादरीखालून काहीतरी लागलं. आक्कांनी माझं बोट धरलं होतं. डोळे मिटलेले, ओठ स्वप्नातले, आणि हाताची पकड चांगली घट्ट. त्यांनी ते बोट एकदा दाबलं. मग आणखी एकदा दाबलं, म्हणजे माझ्यासारखीला शंका राहू नये. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते माझ्या हातात होतं आणि मला धड रडताही येत नव्हतं, कारण दादा समोर होते.

बाहेर दादा म्हणाले, "घरी न्यायची तयारी करा. आन उटल्यावर तिला काय सांगू नको."

मी न राहवून विचारलं, "दादा, त्या खरंच झोपेत बोलतात असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टोपी काढली, पुन्हा घातली. "झोपेत न्हाई तर मंग कवा? जागेपणी कवा बोललीय ती?" एवढं म्हणून ते जिन्याकडे वळले. घरी येताना गाडीत मी त्याच वाक्याची चिरफाड करत होते. दादांचे थोरले भाऊ बायकोचं ऐकतात म्हणून गावाने त्यांना ताटाखालचं मांजर ठरवलं होतं, मरेपर्यंत चिडवलं होतं. दादांनी ते लहानपणापासून पाहिलं होतं. बायकोचं ऐकायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं असणार. पण झोपेतल्या बोलण्याला बायकोचं बोलणं कोण म्हणेल? त्या दिवसापासून माझा संशय आक्कांवरून उठला आणि दादांवर जाऊन बसला.

आक्का घरी आल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. दुपारी, पडवीत, झोपेत. मी कॉलेजात होते, तास सोडून धावत आले. आक्कांचा हात वाकळेवर पालथा पडला होता, पदर सुटलेला होता. दादा खांबाशी तसेच बसून होते, तबक पुढ्यात, सुपारी अख्खी. मला बघून म्हणाले, "लई येळ बसून हाय. म्हनलं, बोलंल." मी त्यांच्याशेजारी खाली बसले. सासऱ्यांशेजारी त्या पडवीत मी तोवर कधी बसले नव्हते.

तेराव्याला घर भरलं होतं. चुलत सासूबाईंनी सगळ्यांदेखत विषय काढला. "आता घरात बाईमाणूस नको का? दादांचं खाणंपिणं कोण बघंल? सारिकानं आता नोकरी सोडावी, लई झालं." बायकांनी माना हलवल्या. हे पुन्हा ताटाकडे बघायला लागले. दादा म्हणाले, "बघू." त्यांचा 'बघू' म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि या वेळी पडवीतली वाकळ गुंडाळून माळ्यावर गेली होती.

पुढच्या रविवारी जेवणं झाली. हे सईला घेऊन पौडला गेले होते. मी ओटा पुसून बाहेर आले तर पडवीत आक्कांची वाकळ अंथरलेली होती, भिंतीला लागून, नेहमीच्या जागी. एक कोपरा दुमडलेला होता, म्हणजे बायकी हाताने अंथरलेली नव्हती. दादा खांबाला टेकून सुपारी कातरत होते.

"दमली असशील," ते म्हणाले. "पड जरा."

"मला दुपारी झोप येत नाही, दादा."

अडकित्ता थांबला. "झोप कशाला यायला पायजे?" ते अंगणाकडे बघत म्हणाले. "नुसती पड. मी हाय हितंच."

मी वाकळेकडे पाहिलं. आक्कांची सगळी वर्षं त्या वाकळेवर पडलेली दिसत होती. शेगडी, म्हैस, सहल, माझी नोकरी, सगळं त्या एका जागेवरून, भिंतीकडे तोंड करून मागून घेतलेलं. आणि ऐकणाऱ्यालाही सगळं ठाऊक होतं. दोघांनी मिळून आयुष्यभर एक झोप सांभाळली होती. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची फार माया आली. मी वाकळेवर गेले, पण आडवी झाले नाही. भिंतीला पाठ लावून, दादांकडे तोंड करून बसले आणि डोळे उघडे ठेवून बोलायला लागले. नोकरी सोडणार नाही म्हणाले. भाकरी सकाळी करून ठेवीन, संध्याकाळी हे करतील, त्यांना शिकवीन. आईच्या मशीनबद्दल सांगितलं. आक्का फाटकाशी उभ्या असायच्या ते सांगितलं. म्हणाले, दादा, मला त्या जाऊ द्यायच्या, आता तुम्ही जाऊ द्या.

बोलून झाल्यावर मी नीट पाहिलं. दादांनी खांबाला डोकं टेकून डोळे मिटले होते. श्वास संथ चालला होता. अडकित्ता मात्र मुठीत घट्ट होता, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी मिशीत उतरत होतं. मी उठले, तांब्याभर पाणी त्यांच्याजवळ ठेवलं आणि आत गेले.

संध्याकाळी चुलत सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा दादा त्यांना म्हणाले, "सारिकाचं कालेज चालू राहणार हाय. मी ठरवलंय." ते असं का ठरलं, याबद्दल मी दादांना काहीही सांगितलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.